तांडेलाला चेहरा नाही

७ जानेवारी १९५९, देवबाग

वर्ग असता तर आज मुलांवर ओरडलो असतो. इथे वर्ग नाही, म्हणून वही काढली.

माझी गोष्ट मागल्या दिवाळी अंकात आली. ती वाचून शिरगुप्पे कोल्हापुराहून मालवणला आले. हायस्कूलच्या पायरीवर बसून म्हणाले, "मास्तर, ह्याचं चित्र करतो. दिग्दर्शन माझं, कथा-संवाद तुमचे." मी रजा टाकली आणि देवबागला आईकडे राहायला आलो. गोष्ट वडिलांची आहे. धाकू तांडेल. होडीचा मुख्य तो तांडेल, बाकीचे वल्हेकरी. एकोणतीस साली श्रावण लागताना, उधाणात, वडिलांनी चार वल्हेकरी घेऊन होडी घातली आणि एका बुडत्या पडावावरची, म्हणजे मालाच्या मोठ्या शिडाच्या गलबतावरची, माणसं वाचवली. आमचा एक वल्हेकरी गेला, बाबली. त्याचा धाकटा भाऊ गुणाजी त्याच होडीत होता. तो आज पन्नाशीचा आहे आणि कंपनीने त्याला वल्हवायला घेतलं आहे.

आज पहिलं चित्रण. मी लिहिलं होतं : तांडेल होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा आहे, तोंडावर वारा, आणि तो दर्याशी बोलतो. दीड पानांचं स्वगत. महिनाभर घासलेलं.

वाचून दाखवलं तेव्हा गुणाजी हसला. "तांडेल फुडे नाळीर उबो रवलो तर मागे सुकाणू कोण धरतलो, मास्तरानू? तुमचो हेडमास्तर?"

सगळे हसले. शिरगुप्पेही. मग त्यांनी पेन्सिलीने स्वगतावर आडवी रेघ मारली. "मास्तर, ह्यो बोलतोय कुणाला? दर्या ऐकतोय होय?"

त्याऐवजी त्यांनी काय घेतलं? रेतीवर बायका मासळी निवडत बसल्या आहेत. एक लांब सावली येते. बायका मान वर न करता टोपल्या उचलून बाजूला सरकतात. सावली मधून निघून जाते. झालं. "माणूस आला," म्हणाले.

हा तांडेल नाही, सावकार आला, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

९ जानेवारी

जेवणाचा प्रसंग आमच्याच घरात. खोपटं तेच आहे, चूल तीच. मी लिहिलं होतं : तांडेल जेवतो, बायकोकडे पाहून म्हणतो, "आज कालवण झकास." ती लाजते. नवराबायकोचं प्रेम दोन वाक्यांत. मला ह्याचा अभिमान होता.

शिरगुप्प्यांनी आईला विचारलं, "मावशी, ते जेवायला बसले की तुम्ही कुठं बसायचा?"

आईने दाराच्या आतली, चुलीच्या अंगाची जागा दाखवली. "हय."

"इथनं काय दिसायचं?"

"ताट. तेंचो हात."

"आणि तोंड?"

"ताटात काय कमी झालां ता दिसाक व्हया. तोंड बघून काय करतलंय?"

तेवढ्यावर त्यांनी कॅमेरा तिथे नेला. तिपाई काढून टाकली, पाट घातला, त्यावर कॅमेरा ठेवला. बसलेल्या बाईच्या डोळ्यांइतका. बाहेर चंदेरी फळ्या धरून पोरं उन्हाची तिरीप आत टाकत होती. ती त्यांनी ताटावर पाडली. बाकी काळोख. दाराच्या चौकटीत तांडेलाचा गुडघा, हात, ताट. मान कापलेली.

विलासराव, म्हणजे तांडेलाचं काम करणारे नट, ताडकन उठले. "शिरगुप्पे, मी पंधरा पौराणिक चित्रं केली. देव झालो, राक्षस झालो. राक्षसालासुद्धा तोंड होतं!"

मी त्यांच्या बाजूने बोललो. दोघांचंही ऐकलं नाही. कालवणाचं वाक्य गेलं. विलासरावांनी फक्त जेवायचं, थांबायचं, आणि ताट पुढे सारायचं.

तालमीत त्यांनी रागाने ताट जरा जोरातच सारलं. आई कोपऱ्यात बघत उभी होती. ती चटकन पुढे झाली आणि खाली बसून सांडलेली शितं वेचायला लागली. आईचं काम करणारी नटी तशीच उभी. मला शरम वाटली. आईला खरं-खोटं उमगत नाही, म्हातारी झाली. मी तिला दंडाला धरून उठवलं.

शिरगुप्प्यांनी नटीला सांगितलं, "आत्ता त्यांनी केलं तसं कर. तस्संच. घाई दिसली पाहिजे."

मी वाङ्मय शिकलेला माणूस आहे. एक बाई वाक्यातून उभी करायला मला पान लागतं. ह्यांनी तिला चार शितांत बसवली आणि वडिलांना राक्षसाच्या खाली नेऊन ठेवलं. शब्द एकही बदलला नाही. शब्द ठेवलेच नाहीत.

११ जानेवारी

आज काम नव्हतं. वडिलांचा फोटो आमच्याकडे नाही, कुणी काढलाच नाही. माझ्या बाराव्या वर्षी ते काविळीने गेले. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा म्हणून बसलो. हात आला. बोटांची पेरं, मीठ खाल्लेली नखं. चेहरा येईना.

हा शिरगुप्प्यांचाच परिणाम. रोज तेच बघून माझंही डोकं नासलं आहे.

१४ जानेवारी

कॅमेरा होडीत चढला. मला वाटलं आता तरी पुढे ठेवतील, म्हणजे तांडेल समोर दिसेल. त्यांनी तो मागे नेला. सुकाणूपाशी. विलासरावांच्या खांद्याला खांदा लावून, जणू तांडेलाच्या डोक्यातच. पडद्यावर काय दिसणार? कडेला तांडेलाचा काळा खांदा. समोर चार वल्हेकऱ्यांची तोंडं. त्यांच्या पाठीमागे नाळ आणि दर्या.

"हे वल्हेकऱ्यांचं चित्र आहे की तांडेलाचं?" मी विचारलं.

त्यांनी मला उत्तर दिलं नाही, गुणाजीला विचारलं. "भाऊ, वल्हवताना तुम्ही बघता कुठं?"

"खंय बघतलंव? पाठ फुडे, तोंड मागे. सामने तांडेल."

"मग पुढं लाट किती मोठी आहे, कळतं कसं?"

"ता तेका दिसता. आमका तेचा तोंड दिसता. तेच्या तोंडार लाट दिसता."

"आणि धाकू तांडेलाच्या तोंडावर काय दिसायचं?"

गुणाजीने हातावर थुंकी घेतली, वल्हं धरलं. "वल्हवक लागा, इतक्याच."

विलासराव सोडून सगळे खूश. शिरगुप्पे मला बाजूला घेऊन समजावतात, शाळेत समजावतात तसं : "मास्तर, राजा मोठा आहे हे राजाकडे बघून कळत नाही. त्याच्याकडे बघणाऱ्यांकडे बघून कळतं."

मी म्हटलं, "त्यांच्या तोंडांवर आदर दिसला पाहिजे."

"बघू की काय दिसतं ते. मी काही सांगत नाही त्यांना."

हीच तर चोरी. नटाला सांगायचं, वल्हेकऱ्यांना काही सांगायचं नाही. बादल्यांनी पाणी मारत होते. मी दुसऱ्या होडीतून पाहिलं. बाकीचे तिघे पाण्याने डोळे मिटत होते, खोकत होते, एक तर हसला. गुणाजी डोळे मिटत नव्हता. सारखा सुकाणूकडे बघत होता. विलासरावांकडे नाही. त्यांच्या जरा वर. वडील विलासरावांपेक्षा उंच होते.

१५ जानेवारी

आज तोंडातोंडी झाली. सगळं लिहितो.

सकाळी किनाऱ्यावर शिरगुप्पे गुणाजीबरोबर विडी ओढत बसले होते. मीही बसलो. नारळी पुनवेचं विचारत होते.

"पुनवेक नारळ सोडल्याबगर दर्या उघडत नाय," गुणाजी सांगत होता. "तेच्याआधी व्हडी पाण्यात घालूची नाय. कोणी घालीत नाय."

"कोणीच?"

"कोणीच. देवाची मर्यादा."

"पडाव? ते तर मोठे. माल घेऊन लांब जातात."

"पडाव मिरगाआधीच वर. झापांनी शाकारून ठेयतत, घरासारखे."

शिरगुप्प्यांनी विडी विझवली. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, पुनवेआधी सगळ्या होड्या वर. सगळे पडाव वर. मग बुडत कोण होतं?"

"गोव्याकडचा होता. वाट चुकलेला."

"कुठल्या बंदराचा? माणसं वाचली ना? कुणी परत भेटायला आलं? एखादा नारळ, एखादं लुगडं?"

मी उठलो. कोल्हापुरात जन्मलेला, पंचगंगेपलीकडे पाणी न बघितलेला हा माणूस मला दर्या शिकवणार? मी म्हटलं, "गुणाजीला विचारा. तो होता."

त्यांनी विचारलं नाही. मीच विचारलं. "गुणाजी, सांग ह्यांना. का गेलात त्या दिवशी?"

तो रेतीत विडी खुपसत राहिला. "धाकू तांडेलान सांगल्यान चला. आमी गेलाव."

"पण कशाला?"

"तांडेलाक कशाक म्हणान कोण इचारता, मास्तरानू?" आणि उठून जाळ्याकडे गेला. भाऊ गेल्याचं दुःख आहे, मी समजू शकतो. पण माणसाने कृतज्ञ असावं. बाबलीचं मरण त्याच पडावामुळे मोठं झालं. नाहीतर तो बुडालेला एक वल्हेकरी, दुसरं काय.

शिरगुप्पे म्हणतात, पडाव घेणार नाहीत. पैसे नाहीत, असं आधी म्हणाले. नंतर खरं ते म्हणाले : "ज्यानं बघितला त्यानं सांगू दे कसा होता, मग घेतो."

मला ही हकीकत आईने सांगितली आहे. मी सात वर्षांचा होतो. शाळेत पोरांनी मला बापावरून काहीबाही म्हणून हाणलं होतं, मी रडत घरी आलो, तेव्हा चुलीपुढे बसवून तिने पहिल्यांदा सांगितली. पडावाची शिडं तांबडी होती हेसुद्धा सांगितलं. आईपेक्षा मोठा साक्षीदार कोण?

आज जेवताना तिला म्हटलं, "आये, त्या शिरगुप्प्यांक तू सांग पडावाचा."

ती म्हणाली, "तू जेव."

१९ जानेवारी

ते पैशांचं निमित्त करतात ना? मी आज पडाव आणला.

मालवण बंदरात दाजीचा पडाव मंगलोरी कौलं उतरवून रिकामा होता. दाजीला सांगितलं, देवबागसमोर तासभर उभा राहा. तो पैशाला शिवेना. "माझा तोंड दिसतला मां, मास्तर? बायलेक सांगान ठेयलंय." इस्त्रीचा सदरा घालून आला. शिडं पांढरी होती, पण चित्र काळं-पांढरंच, तांबडं काय नि पांढरं काय.

पडाव समोर डुलताना बघून शिरगुप्पे बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "घेऊ."

मी जिंकलो असं मला वाटलं. तेही लिहून ठेवतो.

कॅमेरा त्याच जागी, सुकाणूपाशी. तांडेलाचा खांदा, चार तोंडं, आणि चौघांच्या पाठीमागे, दूर, दाजीचा पडाव. भोंग्यातून सांगितलं : तांडेल हात करील, तेव्हा वल्हवता वल्हवता मान वळवून मागे बघा, पडाव दिसला.

विलासरावांनी हात केला. तिघांनी माना वळवल्या. गुणाजीने नाही.

पुन्हा. तिघे वळले. गुणाजी समोर बघत राहिला.

मी दुसऱ्या होडीत होतो. ओरडलो, "गुणाजी, मान वळव!"

"काय बघू, मास्तरानू?"

"पडाव बघ!"

"दाजीचो? सकाळपासून बघतंय. शर्ट बरो घातल्यान."

हसले सगळे. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो, होडी कलली, आमचा माणूस "बसा, बसा" करत होता. मी ओरडलो, "त्या दिवसाचा! एकोणतीस सालचा! बाबली ज्याच्यासाठी मेला तो!"

हसणं थांबलं. गुणाजीने माझ्याकडेही पाहिलं नाही. तांडेलाच्या जागेकडे, त्या काचेच्या डोळ्यात, त्याने इतका वेळ पाहिलं की विलासराव तिथून बाजूला सरकले. मग तो पुन्हा वल्हवायला लागला. तिघांच्या माना पडावाकडे. ह्याची एकट्याची सरळ.

"घेतलं," शिरगुप्पे म्हणाले. हळू म्हणाले, भोंगा खाली होता.

किनाऱ्यावर मी त्यांना गाठलं. त्याने सगळं बिघडवलं, पुन्हा घ्या, म्हटलं.

"पडाव पाहिजे होता तुम्हाला. पडाव आला."

"गुणाजी वळला नाही!"

"हां," म्हणाले. "तेच तर घेतलं."

शब्द माझ्या हाताशी भरपूर होते. एकही पुरेसा घाण नव्हता.

२६ जानेवारी

कंपनी गेली. जाताना शिरगुप्पे आईच्या पाया पडले. नाटकी माणूस. आईने त्यांना सुकट बांधून दिली.

१८ फेब्रुवारी १९६०, मालवण

वर्षभराने ही वही उघडतो. चित्र आलं. टुरिंग टॉकीजचा तंबू मालवणात पडला आहे. आज पहिला खेळ होता. देवबागहून होड्या भरून माणसं आली. मी आईला पुढे, बायकांच्या अंगाला बसवलं. मधे दोर, अलीकडे पुरुष. रेतीवरच सगळे.

'कथा-संवाद' खाली माझं नाव आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. तेवढंच.

सावली आली. तंबूतल्या बायकांनी नकळत पाय आवरून घेतले. मी पाहिलं. मग ताट. मग शितं वेचणारी बोटं. विलासरावांचा चेहरा अख्ख्या चित्रात कुठेही सरळ येत नाही. पाठ, खांदा, पाऊल, हात. आणि तरी तंबूत कुणी बोलत नव्हतं. मागे कुणीतरी कुजबुजलं, "धाकूच रे. तस्सोच." चेहरा नसताना ह्यांना धाकू दिसतो कुठून?

मग होडी. पडाव मागे धुरकट ठिपका. दाजीची बायको ओरडली, "खंय आसात? दिसनत नाय!" तेवढं एकदा हसले लोक. तीन माना वळल्या. चौथा चेहरा मोठा होत गेला. शिरगुप्प्यांनी तो नंतर जवळून घेतला असणार, मला न सांगता. अख्ख्या पडद्यावर गुणाजी. बघतोय. त्याला भीती वाटते आहे, पण तेवढंच नाही. त्याच्या शेजारचं वल्हं पाण्यात गेलं आणि वर आलं नाही. आवाज नाही, किंकाळी नाही. बाबलीच्या मरणाला मी तीन पानं दिली होती. गुणाजी शेजारी बघत नाही. तांडेलाकडेच बघत राहतो. म्हणजे आमच्याकडे.

तेव्हा आई उठली. उभ्या तंबूच्या देखत दोराखालून वाकून पुरुषांच्या अंगाला आली. "ए बाये, बस खाली!" कुणीतरी ओरडलं. तिला ऐकू आलं नसावं. गुणाजी बसला होता तिथे गेली आणि त्याच्या शेजारी रेतीवर बसली. त्याने सरकून जागा दिली. माझ्या आठवणीत ती त्याच्या उंबऱ्यावर कधी गेलेली नाही, वाटेत दिसला तर पदर पुढे ओढून बाजूने जाई.

आज, माझ्या शाळेचे लोक बसलेले असताना.

मी बाहेर आलो. आतला उजेड तंबूच्या कापडावर हलत होता. चित्र संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. माणसं उठून चालायला लागली. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट सोडली.

१९ फेब्रुवारी, देवबाग

ठरवलं. मामलेदाराकडे अर्ज करायचा. कैलासवासी धाकू तांडेल यांची ह्या चित्रात बदनामी केली आहे, खेळ बंद करावा. काल रात्रीच मालवणात वकिलांना गाठलं, ते म्हणाले, मुलाच्या सहीपेक्षा विधवेचा अंगठा भारी. खेळ अजून तीन दिवस आहे. आजच अर्ज गेला तर थांबेल.

सकाळी आईपुढे बसून वाचून दाखवला. ती पडवीत बांगडे साफ करत होती. कोयती थांबवली नाही.

"'सदर इसमाने परोपकारार्थ, बुडत्या पडावावरील माणसांचे प्राण वाचवण्यासाठी...'"

"पडाव घातलंस?"

"घातलाय. तोच तर मुद्दा आसा."

"बाबलीचा नाव?"

"तेचा हय काय काम?"

तिने पुढचा बांगडा घेतला. मी शाईची गादी उघडून जमिनीवर ठेवली. कागद पाटावर सरळ केला.

"अंगठो दी, आये."

"माझो हात ओलो आसा."

मी थांबलो. ती बांगडे धूत राहिली. एकेक मासा पोटात बोट घालून, दोनदा, तीनदा. एवढं कुणी धूत नाही. मी दोनदा म्हटलं, कचेरी बंद होईल. तिने दुसरं पाणी घेतलं. ऊन पडवीतून खाली उतरलं. रागाने माझा आवाज चढला. तुझ्या नवऱ्याचं नाव आहे, म्हटलं. त्या माणसाने त्यांना चेहरा ठेवला नाही, आणि तू त्या गुणाजीपाशी जाऊन बसतेस. तुला काही वाटतं की नाही?

"वाटता," ती म्हणाली.

मी खांद्यावरचा पंचा काढून पुढे केला. तिने हात पुसला. नीट पुसला, बोटांच्या बेचक्यांतून. अंगठा उजेडात धरून उलटासुलटा पाहिला. मग हात पुन्हा पातेल्यात घातला.

पातेल्यात नुसतं पाणी होतं.